कडा मऊ नकोत तेव्हा: ड्रॉइंग सॉफ्टवेअरमधलं अँटी-एलियासिंग कधी, कुठे आणि कसं बंद करायचं

“ताई, तुम्ही तीन रंग म्हणालात. यात तर मोजता येईनात इतके आहेत.”

फोनवर स्क्रीन प्रिंटिंगवाले काका होते. एका गणेश मंडळाच्या टी-शर्टांचं काम होतं. शेंदरी, पिवळा आणि काळा, एवढेच रंग मी वापरले होते आणि तेही सपाट. कुठे छटा नाही, सावली नाही. मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, “काका, तीनच आहेत, नीट बघा.” त्यांनी वाद घातला नाही. माझं चित्र आठशे टक्के मोठं केलं, स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढला आणि पाठवून दिला. शेंदरी आणि काळ्याच्या मधल्या कडेवर तपकिरीच्या पाच-सहा छटा रांगेने बसल्या होत्या. पिवळ्या-काळ्याच्या सीमेवर शेवाळी. यातला एकही रंग मी निवडलेला नव्हता.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाची वेगळी फ्रेम बनते. फ्रेमच्या जाळीतून शाई एक तर खाली उतरते, नाहीतर अडते. निम्मी शाई उतरणं हा प्रकार तिथे नाही. मग त्या तपकिरी रांगेने कुठल्या फ्रेममध्ये जायचं? शेंदरी की काळ्या? काकांचा प्रश्न रास्त होता. चूक सॉफ्टवेअरचीही नव्हती. ते त्याचं नेहमीचं काम करत होतं, मीच त्याला थांबवायला विसरले होते.

त्या नेहमीच्या कामाचं, म्हणजे कडेवर मधले रंग भरून ती मऊ करण्याचं, नाव अँटी-एलियासिंग. जवळजवळ प्रत्येक ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये ते आपण न सांगता चालू असतं, आणि बहुतेक वेळा चालू असलेलंच बरं असतं. पण ज्यांना ते नको असतं त्यांना ते बंद कुठे करायचं हे पटकन सापडत नाही. सापडलं तरी एका ठिकाणी बंद करून भागत नाही.

रेघ आणि चौकटी

स्क्रीनवरचं चित्र म्हणजे आलेखाचा कागद. प्रत्येक चौकटीत, म्हणजे पिक्सेलमध्ये, एकच रंग भरता येतो. आडवी किंवा उभी रेघ यात निमूट बसते. तिरकी रेघ आली की पंचाईत. ती चौकटी मधूनच कापत जाते, आणि कापलेल्या चौकटीचं काय करायचं हे कुणीतरी ठरवावं लागतं.

एक उपाय सरळ आहे: निम्म्याहून जास्त चौकट रेघेखाली आली तर काळी, नाहीतर पांढरी. सगळा व्यवहार हो किंवा नाही असा. यातून येते ती पायऱ्यांची, करवतीसारखी दातेरी कड. आयबीएममध्ये काम करणाऱ्या जॅक ब्रेसनहॅम यांनी १९६२ मध्ये कोणत्या चौकटी भरायच्या हे झटपट ठरवण्याची रीत शोधली. ती १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही शिकवली जाते. अॅपलचा १९८४ चा पहिला मॅकिंटॉश संगणक याच जगातला. ५१२ बाय ३४२ पिक्सेलचा त्याचा पडदा फक्त काळा आणि पांढरा जाणायचा. सुसान केअर यांनी त्यावरची चिन्हं ३२ बाय ३२ चौकटींमध्ये काढली ती एकेक चौकट भरून. मधला राखाडी रंग त्यांना उपलब्धच नव्हता.

दुसरा उपाय चौकटीत रेघ किती आली ते मोजण्याचा. पांढऱ्या कागदावर काळी रेघ आहे आणि एका चौकटीचा ७० टक्के भाग तिने व्यापला आहे असं समजा. पांढऱ्याची किंमत २५५ आणि काळ्याची ०. उरलेल्या ३० टक्क्यांचा हिशेब करून त्या चौकटीत साधारण ७७ किमतीचा गडद राखाडी भरायचा. शेजारच्या चौकटीत रेघ जेमतेम १० टक्के शिरली असेल, तर तिथे २३० च्या आसपासचा फिका राखाडी. लांबून पाहिलं की डोळा या राखाड्यांची सरासरी काढतो आणि कड गुळगुळीत वाटते. संगणकाने काढलेल्या चित्रांमधल्या या दातेरीपणाचं दुखणं नेमकं काय आहे, हे फ्रँकलिन क्रो यांनी १९७७ च्या एका गाजलेल्या निबंधात मांडलं. त्यानंतर कडा मऊ करण्याच्या पद्धती वाढत गेल्या.

नावाबद्दल एक सांगते, कारण मराठीत ते इंग्रजीपेक्षा चटकन उमगतं. एलियास म्हणजे ‘उर्फ’. बारीक तपशील ठेवायला चौकटी पुरेशा नसल्या की तो तपशील नाहीसा होत नाही, वेष पालटून भलत्याच नावाने हजर होतो. टीव्हीवर बारीक चौकड्यांचा शर्ट घातलेला माणूस आला की शर्टावर नसलेल्या लाटा पळायला लागतात, त्या याच घराण्यातल्या. तिरक्या रेघेच्या पायऱ्या म्हणजेही त्या रेघेचं ‘उर्फ’ रूप. अँटी-एलियासिंग म्हणजे हा तोतया पकडायची युक्ती.

पैठणीच्या पदरावरचा मोर कधी डोळ्याजवळ नेऊन पाहिला आहे? तिरकी कड तिथेही पायऱ्यांचीच असते. प्रत्येक जागी धागा एक तर हिरवा, नाहीतर लाल. अर्धामुर्धा धागा विणकराकडे नसतो. तरी हातभर लांबून मोराची मान गोल दिसते, कारण धागा बारीक असतो. विणकर कड मऊ करत नाही, चौकट लहान करतो. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे तिचं काम आहे.

बकेट ओतली आणि पांढरा केस राहिला

मऊ कडेचा पहिला फटका बहुतेकांना रंग भरताना बसतो. काळ्या रेघेत बंद केलेला आकार, त्यात बकेट टूलने लाल रंग ओतला, तर रेघ आणि लाल यांच्यामध्ये पांढुरका केस उरतो. छोट्या कमेंट्समध्ये, ग्रुपवर, क्लासमध्ये हा प्रश्न इतक्यांदा विचारला जातो की मी उत्तर एका ठिकाणी लिहून ठेवलं आहे.

फोटोशॉपमध्ये बकेटचा टॉलरन्स, म्हणजे क्लिक केलेल्या रंगापासून किती फरक चालेल तो आकडा, मुळात ३२ असतो. पांढऱ्यावर क्लिक केलं तर २५५ पासून २२३ पर्यंतचे पिक्सेल तिला ‘पांढऱ्यासारखे’ वाटतात, त्यांच्यावर रंग चढतो. त्याहून गडद राखाडी आला की बकेट थांबते. म्हणजे मघाचा २३० वाला रंगला, पण २०० वाला आणि १५० वाला तसेच उरले. तोच तो केस. मग आपण चिडून टॉलरन्स २०० करतो. आता केस जातो, पण बकेट रेघेचा अर्धा भाग खाते, आणि जिथे रेघ बारीक होती तिथून रंग फुटून सगळ्या पानभर पसरतो. हा आकडा एका चित्रात एका जागी जमला तरी दुसऱ्या जागी जमत नाही, कारण प्रत्येक कडेचा राखाडी वेगळा.

रेघेत राखाडी नसेलच तर टॉलरन्स शून्य ठेवून काम भागतं. पांढरा म्हणजे पांढरा, काळा म्हणजे काळा. बकेट थेट रेघेला जाऊन भिडते. कॉमिक्स रंगवणारे पायाभूत सपाट रंग भरताना कडा कडक ठेवतात, त्याचं एक कारण हे. दुसरं कारण पुढच्या दुरुस्तीचं. संपादकाचा निरोप येतो, “सदरा निळा करा.” कड कडक असेल तर मॅजिक वाँडने एका क्लिकवर सगळा सदरा उचलला जातो, रंग बदलला, काम संपलं. मऊ कड असेल तर निळ्या सदऱ्याला जुन्या लालची जांभळट किनार राहते.

याहून कपटी प्रकार सांधेजोडीचा आहे. त्याचा हिशेब समजला की अर्धं अँटी-एलियासिंग समजलं म्हणा. दोन आकार एकमेकांना चिकटून आहेत: डावीकडे शेंदरी, उजवीकडे पिवळा, पाठीमागे पांढरा कागद. दोघांची सामाईक कड एका पिक्सेलच्या बरोबर मधून जाते. शेंदरी आकार म्हणतो, मी या पिक्सेलचा निम्मा भाग व्यापतो, म्हणून ५० टक्के शेंदरी. पिवळाही म्हणतो, मी निम्मा. आपल्याला वाटतं निम्मा आणि निम्मा मिळून पूर्ण झालं. सॉफ्टवेअर तशी बेरीज करत नाही. शेंदरी लागल्यावर कागदाचा ५० टक्के पांढरा उरतो. त्यावर ५० टक्के पिवळा बसला की त्या उरलेल्या पांढऱ्याचा निम्मा झाकला जातो आणि निम्मा राहतो. म्हणजे २५ टक्के कागद त्या पिक्सेलमधून डोकावतोच. दोन्ही आकार काटेकोर एकमेकांना लागून असले तरी मध्ये फिकट शिवण दिसते. व्हेक्टरमध्ये, म्हणजे पिक्सेलऐवजी गणिती रेघांनी, काढलेल्या चित्रांच्या पीडीएफमध्ये ज्या बारीक पांढऱ्या रेघा झूम केल्यावर येतात-जातात, त्यामागेही बहुतेक हेच गणित असतं.

याला दोन इलाज आहेत. एक तर कड कडक ठेवा म्हणजे तो पिक्सेल कुणातरी एकाचा पूर्ण होईल. नाहीतर एक आकार दुसऱ्याखाली थोडा सरकवा, कागद दिसायला फटच ठेवू नका. छपाईवाले हा ओव्हरलॅप पूर्वीपासून देत आले आहेत.

नावं सारखी, कामं वेगळी

बंद करायला निघण्याआधी काय बंद करायचं ते नक्की करू, कारण ‘स्मूदिंग’ हा शब्द सॉफ्टवेअरवाल्यांनी उदार हाताने वाटला आहे.

फोटोशॉपच्या ब्रशला वरच्या पट्टीत ‘स्मूदिंग’चे टक्के असतात. त्यांचा कडेशी काहीही संबंध नाही. तुमचा थरथरता हात सावरून रेघेची वाट सरळ करणारी ती सोय आहे. क्रिटामध्ये तिला ब्रश स्मूदिंग म्हणतात आणि त्यात स्टॅबिलायझर असतो, क्लिप स्टुडिओत स्टॅबिलायझेशन, प्रोक्रिएटमध्ये स्ट्रीमलाइन. ती शून्यावर आणलीत तर रेघ वेडीवाकडी येईल आणि कड मऊची मऊच राहील. किती जण इथे फसतात!

ब्रशचा हार्डनेस १०० टक्के केला तरी अँटी-एलियासिंग बंद होत नाही. हार्डनेस कमी असला की धूसरपणा अनेक पिक्सेल पसरतो, १०० केल्यावर तो शेवटच्या एक-दोन पिक्सेलांपुरता उरतो, आणि तेवढा पुरतो घोटाळ्याला. सिलेक्शनचा ‘फेदर’ हाही वेगळा, तो मुद्दाम पसरवलेला धूसरपणा आहे. तो शून्य करा, पण शेजारची अँटी-एलियासची खूणही काढा.

आणि एक भास. चित्र ३३ किंवा ६७ टक्के आकारात पाहताना सॉफ्टवेअर ते तात्पुरतं आकसून दाखवतं. त्या वेळी कडक रेघ मऊ किंवा तुटक दिसू शकते, चित्रात तसं काही नसताना. कडेचा निवाडा १००, २००, ४०० टक्क्यांवरच करावा.

कुठे काय बंद करायचं

फोटोशॉपपासून सुरुवात करू. तिथल्या ब्रशला कड कडक करण्याची खूणच नाही. त्यासाठी वेगळं पेन्सिल टूल आहे, ब्रशच्याच घरात लपलेलं. ब्रशच्या चिन्हावर बटण दाबून धरलं की बाहेर येतं. बकेट, मॅजिक वाँड, लॅसो आणि लंबगोल सिलेक्शन यांना वरच्या पट्टीत अँटी-एलियासची खूण असते, ती प्रत्येकाची स्वतंत्र काढावी लागते. अक्षरांसाठी शार्प, क्रिस्प, स्ट्राँग, स्मूद अशा यादीत ‘नन’ आहे. खोडरबर मात्र सगळे विसरतात. पेन्सिलने छान कडक रेघ काढायची आणि मऊ खोडरबराने तिची टोकं पुसायची म्हणजे पुन्हा राखाडी आलाच. खोडरबराच्या मोडमध्ये पेन्सिल निवडा.

क्रिटा फुकट आहे आणि या कामाला फार सोयीचं आहे. पिक्सेल आर्टचे तयार ब्रश त्यात येतात. स्वतःचा ब्रश बदलायचा तर ब्रश एडिटरमध्ये ब्रशच्या टोकाच्या (ब्रश टिप) पानावर अँटी-एलियासची खूण काढायची. क्रिटात पुसणं म्हणजे तोच ब्रश खोडरबराच्या मोडमध्ये वापरणं, त्यामुळे ब्रश कडक तर खोडणंही कडक. सिलेक्शन टूलांना आणि नव्या आवृत्त्यांमध्ये बकेटलाही ही खूण आहे.

गिंपमध्ये पेंटब्रश मऊ, पेन्सिल कडक, इतकं सरळ. खोडरबराला ‘हार्ड एज’ची खूण करा. सिलेक्शन, बकेट आणि अक्षरं यांची अँटी-एलियासिंग त्या त्या टूलच्या पर्यायांत दिसते.

क्लिप स्टुडिओ पेंट मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, काढणाऱ्यांमध्ये वाढलेलं सॉफ्टवेअर, म्हणून त्यात या गोष्टीचा विचार सगळ्यात नीट झाला आहे असं माझं मत. पेनाच्या टूल प्रॉपर्टीत अँटी-एलियासिंगच्या चार पायऱ्या चार ठिपक्यांनी दाखवलेल्या असतात. पहिला ठिपका म्हणजे अजिबात नाही. आकृत्यांच्या टूलांनाही तेच. त्याहून भारी सोय लेयरची: लेयरचा एक्स्प्रेशन कलर ‘मोनोक्रोम’ केला की त्या लेयरवर मधला रंग उमटूच शकत नाही. हाताने चूक करायची वाटच बंद. आणि ‘ट्रान्सपरंट’ रंग निवडून त्याच पेनाने पुसता येतं.

प्रोक्रिएटमध्ये सगळं एका जागी बंद करणारं बटण नाही. ब्रश स्टुडिओत शेपच्या पानावर फिल्टरिंग बंद करता येतं, आकार बदलताना ‘निअरेस्ट नेबर’ निवडता येतं. रंगवायला ते सुरेख आहे, पण काटेकोर दोन-तीन रंगांच्या फायली मी त्यात करत नाही.

इलस्ट्रेटर आणि इंकस्केप व्हेक्टरची. तिथे मूळ रेघेत पिक्सेलच नाहीत, प्रश्न येतो तो पीएनजी काढताना. इलस्ट्रेटरच्या निर्यातीच्या खिडकीत अँटी-एलियासिंगला ‘नन’ आहे. एसव्हीजी (व्हेक्टर चित्राची फाइल) थेट वेबपानावर टाकणार असाल तर ‘शेप-रेंडरिंग’ हा गुण ‘क्रिस्प-एजेस’ करून ब्राउझरला कडक कडांची विनंती करता येते.

व्हेक्टरमध्ये अजून एक गंमत. देवनागरी शीर्षकाची शिरोरेषा आडवी, म्हणजे तिला पायऱ्यांची भीती नाही. पण ती एक पिक्सेल जाडीची आहे आणि नेमकी पिक्सेलांच्या दोन ओळींच्या मध्ये पडली असं समजा. मग दोन्ही ओळींत निम्मी निम्मी वाटली जाते, आणि एका काळ्या रेघेऐवजी दोन पिक्सेल जाडीची राखाडी पट्टी दिसते. अक्षरं पुसट वाटतात आणि आपण फॉन्टला बोल लावतो. शीर्षक अर्धा पिक्सेल वर किंवा खाली सरकवलं की शिरोरेषा काळीभोर होते. इथे काहीच बंद करायची गरज नाही.

सगळं बंद केलं, तरी राखाडी आला

येतो. चित्र फिरवलं किंवा लहान-मोठं केलं की येतो. आकार बदलताना सॉफ्टवेअर नव्या चौकटींचे रंग जुन्यांच्या सरासरीने ठरवतं. बायक्युबिक, बायलिनिअर ही त्या सरासरीच्या पद्धतींची नावं. सरासरी नको असेल तर ‘निअरेस्ट नेबर’ निवडायचं. गिंपमध्ये त्याच जागी ‘नन’ असतं. यात प्रत्येक नवी चौकट जवळच्या जुन्या चौकटीचा रंग जशाचा तसा घेते. मोठं करताना २००, ३००, ४०० असे पूर्ण पटीतले टक्के घ्या. १५० टक्के केलंत तर काही पिक्सेल दुप्पट होतील, काही तसेच राहतील आणि रेघेची जाडी ठिकठिकाणी बदलेल. फिरवायचं तर ९० अंशांच्या पटीत बिनधास्त. १५ अंशांत फिरवलंत तर मधले रंग येणार नाहीत, पण कडेची वाट लागेल, ती हाताने दुरुस्त करावी लागते.

दुसरा चोर जेपेग. तो चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे ठोकळे करून दाबतो आणि कडक कडेभोवती धुळीसारखे ठिपके सोडतो. तीन रंगांची फाइल जेपेगमध्ये ठेवली की तीन रंगांची राहिली नाही. पीएनजी किंवा टिफ वापरा. आणि व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र वाटेत दाबलं जातं, तेव्हा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मी टी-शर्टांची दुसरी फाइल घाईत फोटो म्हणून पाठवली होती. काकांचा पुन्हा फोन आला, हे सांगायला नको.

पाठवण्याआधी तपासायचं कसं? गिंपमध्ये रंगांच्या मेनूतल्या माहितीखाली ‘कलरक्यूब अॅनालिसिस’ आहे. चित्रात एकूण किती वेगळे रंग आहेत तो आकडा ते देतं. तीन हवेत आणि ४१७ दिसले तर अजून काम बाकी आहे.

मऊ कडेचं चित्र आधीच तयार असेल तर ‘थ्रेशोल्ड’ कामी येतो. १२८ ही मधली किंमत धरायची, त्याखालचं सगळं काळं आणि वरचं सगळं पांढरं. पण छोट्या चित्रावर थेट थ्रेशोल्ड मारला तर पायऱ्या डोळ्यात खुपतात. आधी चित्र बायक्युबिकने चौपट करा, मग थ्रेशोल्ड. राखाडी पिक्सेलांमध्ये कड नेमकी कुठून गेली याची माहिती दडलेली असते. मोठं केल्यावर तीच माहिती नितळ कड बनून बाहेर येते. म्हणजे ज्या राखाडीला आपण इतका वेळ शिव्या देतोय तोच इथे उपयोगी पडतो. रेघ पारदर्शक लेयरवर असेल तर लक्षात ठेवा, थ्रेशोल्ड रंगावर चालतो, पारदर्शकतेवर नाही. खाली पांढरा लेयर घालून दोन्ही एक करा. गिंपमध्ये पारदर्शकतेसाठी ‘थ्रेशोल्ड अल्फा’ वेगळा आहे.

पण मग रेघ दातेरी दिसणार नाही का?

दिसेल, चौकटी मोठ्या असतील तर. इथे पैठणीचा धागा परत हातात घेऊ.

एका इंचात ६०० ठिपके असतील तर एका ठिपक्याची रुंदी ०.०४२ मिलिमीटर. हातात धरलेल्या, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटरवरच्या कागदावर चांगल्या डोळ्याला साधारण ०.०९ मिलिमीटरपर्यंतचाच तपशील वेगळा ओळखता येतो. पायरी त्याच्या निम्मीच असेल तर दिसणार कशी? म्हणून निव्वळ काळ्या-पांढऱ्या रेखाचित्राला ६०० किंवा १२०० ठिपक्यांची फाइल मागतात आणि रंगीत फोटोला ३०० पुरतात. फाइल प्रचंड होईल ही भीतीही फारशी खरी नाही. ६०० ठिपक्यांचा ए-फोर कागद म्हणजे ४९६० बाय ७०१६, जवळपास ३ कोटी ४८ लाख पिक्सेल. पूर्ण रंगात ठेवले तर १०४ एमबी. पण प्रत्येक पिक्सेल फक्त हो किंवा नाही असेल, तर एका पिक्सेलला एक बिट पुरतो आणि तोच कागद ४.३५ एमबीत मावतो, तोही न दाबता.

छपाईत कडक कडेचा फायदा आणखी एका कारणाने होतो. छापखान्याकडे राखाडी शाई नसते. राखाडी हवा असेल तर काळ्या शाईचे बारीक ठिपके पाडून त्याचा भास करावा लागतो. जुन्या मराठी मासिकांच्या काळात यासाठी दोन वेगळे ठसे बनत: रेखाचित्राला लाइन ब्लॉक, फोटोला हाफटोन ब्लॉक. चित्रकाराला आपलं चित्र लाइन ब्लॉकने छापलं जाणार हे ठाऊक असायचं, म्हणून तो सावलीसुद्धा रेषांच्या जाळीने दाखवायचा. आज यंत्रं बदलली, नियम तोच. मऊ कडेची रेघ छापायला दिली की मधला भाग सलग काळा येतो आणि कडेच्या राखाडी पिक्सेलांचे ठिपके पडतात. नखाएवढ्या अक्षरांच्या कडा केसाळ दिसतात, त्या अशा. स्क्रीनवर नितळ दिसणारी फाइल कागदावर खरबरीत आणि स्क्रीनवर दातेरी दिसणारी फाइल कागदावर धारदार, असं उलटं घडतं. पहिल्यांदा पटत नाही. मलाही पटलं नव्हतं.

म्हणून माझी रीत अशी झाली आहे: मूळ फाइल मोठी आणि कडक. रेघ, सपाट रंग, सिलेक्शन, दुरुस्त्या, सगळं हो-नाही मध्ये. छापायला तीच द्यायची. स्क्रीनवर दाखवायला हवी असेल तेव्हा तिची प्रत काढून बायक्युबिकने तिची लांबी आणि रुंदी चौथ्या हिश्शावर आणायची. तेव्हा नव्या प्रत्येक पिक्सेलमध्ये जुन्या १६ पिक्सेलांची सरासरी उतरते आणि मऊ कड आपोआप, फुकट मिळते. कित्येक सॉफ्टवेअरांमधलं अँटी-एलियासिंगही मुळात हेच करतं, एका चौकटीचे अनेक तुकडे मोजून सरासरी घेतं. फरक इतकाच की इथे ते केव्हा घडवायचं हे मी ठरवते. मऊ केलेली कड मागे नेणं जिकिरीचं, कडक कड मऊ करणं एका क्लिकचं.

पिक्सेल आर्ट करणाऱ्यांना हा मार्ग लागू नाही. त्यांचं चित्रच ३२ बाय ३२ किंवा ६४ बाय ६४ चं, तिथे पायरी हीच भाषा. त्यातले मुरलेले लोक कधी कधी कोपऱ्यात एखादा मधला रंग स्वतः ठेवतात, हाताने केलेलं अँटी-एलियासिंग म्हणा. पण कुठला पिक्सेल मऊ करायचा हे त्यांनी ठरवलेलं असतं, आणि तो रंग त्यांच्या ठरलेल्या पॅलेटमधलाच असतो.

आणि ज्यांनी हे काही बंद करू नये असेही बरेच आहेत. जलरंगासारखं रंगवणारे, फोटोवर काम करणारे, थेट इन्स्टाग्रामच्या आकारात चित्र काढणारे. १०८० पिक्सेलच्या चौकोनात कडक पेनाने व्यक्तिचित्र काढलंत तर नाकाची रेघ जिन्यासारखी दिसेल. रेघ मऊच हवी आणि रंग भरताना केसही नको, असंही जमतं: रेघ वेगळ्या लेयरवर वर ठेवा, रंग खालच्या लेयरवर भरा आणि भरलेला भाग एक-दोन पिक्सेल फुगवून रेघेखाली सरकवा. क्लिप स्टुडिओत त्याला एरिया स्केलिंग म्हणतात, क्रिटात ग्रो. वरची मऊ रेघ खालच्या रंगावर नीट मिसळते, कागद मध्ये येत नाही.

टी-शर्टांची तिसरी फाइल कलरक्यूबमध्ये टाकली तेव्हा आकडा आला ४. तीन रंग आणि एक पांढरा. काकांनी फिल्म काढल्या, फ्रेम एक्स्पोज केल्या, आणि पहिला शर्ट छापून फोटो पाठवला. या वेळी जवळून काढलेला नव्हता. मोदकाची कड मात्र मी झूम करून पाहिलीच.